पडद्याआधी खोली मोजा
एचडी टीव्हीची खरेदी आणि वापर : एक आढावा

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंच आणि त्याहून लहान टीव्हीला १८ टक्क्यांचा दर आधीपासूनच होता, त्यामुळे फायदा झाला तो ४३ आणि ५५ इंचांच्या ग्राहकाला. दहा वर्षांपूर्वी ज्या पैशात बत्तीस इंची टीव्ही येत असे, त्या पैशात आज ४३ इंची ४के टीव्ही घरी येतो. तरीही अनेक घरांत त्या मोठ्या पडद्यावर धूसर, ताणलेलं, भडक रंगांचं चित्र दिसतं आणि संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवत बसावं लागतं. टीव्ही खराब असतो असं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा दोष दुसरीकडे असतो.

चित्र आपल्यापर्यंत पाच टप्प्यांनी येतं : वाहिनीचं किंवा ओटीटीचं प्रक्षेपण, ते घरात आणणारा बॉक्स किंवा इंटरनेट, बॉक्सपासून टीव्हीपर्यंतची वायर, टीव्हीचा पडदा आणि पडद्यापासून आपल्या बैठकीपर्यंतचं अंतर. या पाचांतला जो टप्पा सर्वांत कच्चा असेल, त्याच्याच दर्जाचं चित्र आपल्याला दिसतं. दुकानात मात्र चर्चा होते ती चौथ्या टप्प्याची, कारण विकायला तेवढाच असतो. बाकीचे चार टप्पे ग्राहकाने घरून तपासून जायचे असतात आणि त्यातले बरेचसे सुधारायला पैसेही लागत नाहीत.

आकडे काय सांगतात

एचडीची मूळ कल्पना जपानची. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर तिथल्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने अधिक रेषांच्या, रुंद पडद्याच्या टीव्हीवर संशोधन सुरू केलं. १९९० साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एचडीचं मानक प्रसिद्ध केलं. भारतात २०१० हे वर्ष महत्त्वाचं ठरलं. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धा दूरदर्शनने एचडीत दाखवल्या आणि डीटीएच कंपन्यांनी एचडी बॉक्स बाजारात आणले. मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या मात्र २०१६ मध्ये आल्या.

खोक्यावरचे आकडे म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या. जुन्या साध्या वाहिनीचं, म्हणजे एसडीचं, चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं. बहुतेक बत्तीस इंची टीव्हींवर ‘एचडी रेडी’ लिहिलेलं असतं. तो पडदा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा असतो. फुल एचडीचं चित्र तो स्वीकारतो, पण आक्रसून दाखवतो. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २१ लाख ठिपके. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख. ८केमध्ये ते सव्वातीन कोटींच्या पुढे जातात, पण ८केमध्ये बघण्यासारखं आपल्याकडे जवळजवळ काहीच येत नाही. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

डीटीएच आणि केबलवरच्या एचडी वाहिन्यांचं चित्र फुल एचडीचं असतं आणि तेही ‘१०८०आय’ या पद्धतीचं. या पद्धतीत सेकंदाला ५० अर्धी चित्रं येतात. आधी विषम रेषा, मग सम रेषा, आणि टीव्ही त्या जोडून पूर्ण चित्र करतो. म्हणजे ४के टीव्हीवर एचडी मालिका लावली की चारांतले तीन ठिपके टीव्हीने अंदाजाने भरलेले असतात. एसडी वाहिनी लावली तर वीस ठिपक्यांतले एकोणीस. चांगल्या टीव्हीचा प्रोसेसर हे काम सफाईने करतो, स्वस्त टीव्हीचा ओबडधोबड करतो. साध्या केबलचं चित्र लहान टीव्हीपेक्षा मोठ्या टीव्हीवर वाईट का दिसतं, याचं कारण इथे आहे.

किती इंची घ्यावा

या प्रश्नाचं उत्तर खोलीकडे आहे. चांगली नजर असलेला माणूस एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो. पडद्याने आपल्या नजरेतला साधारण ३० अंशांचा पट्टा व्यापला, तर फुल एचडीचे आडवे १९२० ठिपके त्या क्षमतेला जवळजवळ तंतोतंत पुरतात. सिनेमाच्या तंत्रज्ञांची ‘एसएमपीटीई’ ही संस्थाही घरी सिनेमा बघण्यासाठी याच ३० अंशांच्या आसपासचं अंतर सुचवते.

हिशेब सोपा आहे. बैठकीपासून पडद्यापर्यंतचं अंतर इंचांत मोजावं आणि त्याला १.६ ने भागावं. आलेला आकडा म्हणजे टीव्हीचा योग्य आकार. साडेचार फुटांवरून बघणाऱ्याला ३२ इंच पुरे, पावणेसहा फुटांना ४३, साडेसात फुटांना ५५ आणि पावणेनऊ फुटांना ६५ इंच. मुंबई-ठाण्यातल्या वन बीएचके फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा आणि शोकेस लागल्यावर सहा ते आठ फूट अंतर उरतं. तिथे ४३ ते ५५ इंच शोभतात. वाड्यातल्या किंवा गावच्या घरातल्या लांबलचक माजघरात मात्र ४३ इंची पडदा लहानच वाटेल.

या हिशेबाला एक पुस्ती जोडायला हवी. घरात प्रामुख्याने एसडी वाहिन्या बघितल्या जात असतील तर एक आकार लहान घ्यावा, कारण मोठा पडदा चित्रातले दोषही मोठे करतो. प्रामुख्याने ओटीटी आणि एचडी क्रिकेट असेल तर एक आकार मोठा घ्यायला हरकत नाही.

मग ४के हवा का? वर सांगितलेल्या अंतरावर बसलं तर फुल एचडी आणि ४के यांतला ठिपक्यांचा फरक बहुतेकांच्या डोळ्यांना जाणवत नाही. जवळ बसणाऱ्याला किंवा खूप मोठा पडदा घेणाऱ्याला तो जाणवतो. आज ४३ इंच आणि त्याच्या पुढे बाजारात बहुतांश टीव्ही ४केच असल्यामुळे नवा घेताना ४केच घेतला जाईल आणि ते ठीकच आहे. पण घरातला चांगला चालणारा फुल एचडी टीव्ही केवळ ४के नाही म्हणून काढून टाकणं म्हणजे पैशाची नासाडी आहे.

खरेदीला निघण्यापूर्वी भिंतीवर वर्तमानपत्राचे कागद चिकटवून पडद्याचा आकार प्रत्यक्ष पाहावा. ४३ इंची पडदा साडेसदतीस इंच रुंद आणि २१ इंच उंच असतो, ५५ इंची पडदा ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच. बसल्या जागेवरून पाहिलं की निर्णय घरच्या सगळ्यांचा होतो. त्याच वेळी उंचीही ठरवून टाकावी. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर यावा. सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी तो जमिनीपासून ४० ते ४२ इंचांवर येतो, खाली सतरंजीवर बसून बघणाऱ्या घरात सुमारे ३० इंचांवर. आपल्याकडे टीव्ही देव्हाऱ्यातल्या तसबिरीसारखा उंच टांगायची सवय आहे. तिने मान दुखते आणि वरून-खालून तिरकं पाहिल्यामुळे अनेक पडद्यांचे रंगही फिके पडतात.

घरात चित्र येतं कुठून

सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत सहज दुरुस्त होणारी चूक इथे आहे. नव्या टीव्हीला जुनाच एसडी बॉक्स जोडलेला असतो. किंवा बॉक्स एचडी असतो, पण बसवणाऱ्याने पिवळी-लाल-पांढरी वायर लावलेली असते. त्या वायरीतून एचडी चित्र जाऊच शकत नाही. एचडी बॉक्स एचडीएमआय वायरीनेच जोडावा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचं आउटपुट १०८०आय किंवा १०८०पी केलेलं आहे का, हे एकदा बघावं.

वायर महाग घेण्याची गरज नाही. एचडीएमआयमधून जाणारी माहिती डिजिटल असते. ती पोचते किंवा तुटते, सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरीने रंग उजळत नाहीत. ४केसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ असा शिक्का असलेली छोटी वायर पुरते. नव्या पिढीच्या गेमिंग कन्सोलवर सेकंदाला १२० चित्रांचा ४के खेळ खेळायचा असेल तरच ‘अल्ट्रा हाय स्पीड’ वायर लागते.

केबल आणि डीटीएचच्या ग्राहकांना २०१९ पासून ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाच्या नियमांमुळे वाहिन्या सुट्या निवडण्याचा हक्क आहे. प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर असते. तरीही पुष्कळ घरांत एकाच वाहिनीच्या एसडी आणि एचडी अशा दोन्ही आवृत्त्यांचे पैसे भरले जातात, कारण एचडीचं पॅकेज घेताना जुनं एसडीचं कोणी काढलेलं नसतं. महिन्याचं बिल काढून यादी नजरेखालून घालावी. रोज बघितल्या जाणाऱ्या पाच-सात वाहिन्या एचडीत घ्याव्यात, बाकीच्या एसडीत राहू द्याव्यात. बातम्यांसाठी एसडी पुरतं. क्रिकेट, सिनेमा आणि आवडत्या मालिकेसाठी एचडीचा फरक स्वच्छ दिसतो.

२००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेली दूरदर्शनची ‘फ्री डिश’ मासिक शुल्काशिवाय चालते. ग्रामीण महाराष्ट्रात तिचा मोठा आधार आहे. तिच्यावरचं बहुतांश प्रक्षेपण एसडी असतं. फक्त फ्री डिश बघणाऱ्या कुटुंबाने ५५ इंची ४के टीव्हीवर कर्ज काढू नये. चांगल्या कंपनीचा ३२ इंची टीव्ही, किंवा सोबत मोबाइलच्या इंटरनेटवर ओटीटी बघितलं जात असेल तर ४३ इंची, त्यांना अधिक समाधान देईल.

ओटीटीचं गणित वेगळं. नेटफ्लिक्सच्या सांगण्याप्रमाणे फुल एचडीसाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएस वेग लागतो. ४केमध्ये तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. आजच्या ब्रॉडबँडला हा वेग अवघड नाही. अडचण येते ती घरातल्या वायफायची. राउटर बेडरूममध्ये आणि टीव्ही दोन भिंतींपलीकडच्या हॉलमध्ये असेल तर चित्र अडकतं आणि ॲप आपोआप दर्जा खाली आणतं. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर टाकणं हा त्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय. ते जमत नसेल तर राउटर टीव्हीच्या खोलीत आणावा आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडावा. आपल्या ओटीटी प्लॅनमध्ये ४के आहे का, हेही पाहावं. अनेक सेवांमध्ये ते फक्त सर्वांत महागड्या प्लॅनमध्ये मिळतं.

पडद्याच्या जाती

‘एलईडी टीव्ही’ हा खरं तर एलसीडी पडदा असतो, फक्त त्याच्या मागून प्रकाश देणारे दिवे एलईडीचे असतात. क्यूएलईडीमध्ये त्या दिव्यांसमोर सूक्ष्म कणांचा थर असतो, त्याने रंग अधिक शुद्ध होतात. मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे हजारोंच्या संख्येने आणि अगदी लहान असतात. ते गटागटाने मंद किंवा प्रखर करता येतात, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. ओएलईडीत मागे दिवेच नसतात. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघायचा असेल तर त्याच्या तोडीचं चित्र दुसरं नाही.

तरीही ओएलईडी प्रत्येक घरासाठी नाही. एकाच जागी तासन् तास दिसणारी चिन्हं, जसं वृत्तवाहिनीचा लोगो आणि खालची सरकती पट्टी, त्या पडद्यावर कायमचा ठसा सोडू शकतात. ज्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत बातम्या चालू असतात, तिथे एलईडी किंवा मिनी एलईडीच घ्यावा. भर दुपारी खिडकीतून ऊन येणाऱ्या हॉललाही अधिक प्रखर एलईडी पडदा चांगला.

एलसीडी पडद्यातही दोन मुख्य प्रकार आहेत. आयपीएस पडदा बाजूने बसणाऱ्यालाही नीट दिसतो, पण त्याचा काळा रंग राखाडीकडे झुकतो. व्हीए पडद्यात काळा रंग गडद आणि समोरून चित्र ठसठशीत, मात्र बाजूने रंग उतरतात. घरभर माणसं पसरून बघणार असतील, कोणी दिवाणावर, कोणी खाली, कोणी स्वयंपाकघराच्या दारातून, तर आयपीएस बरा. दोघंतिघं समोर बसून रात्री सिनेमा बघणार असतील तर व्हीए. जाहिरातीत हे क्वचित लिहिलेलं असतं. दुकानात पडद्यासमोरून चालत बाजूला जाऊन पाहिलं की लगेच कळतं.

एचडीआर या अक्षरांनी बरीच दिशाभूल होते. उजेड आणि सावली यांतलं अंतर वाढवून चित्र जिवंत करणं हा एचडीआरचा उद्देश. त्याला प्रखर पडदा लागतो. प्रखरता ‘निट’ या एककात मोजतात. स्वस्त टीव्हींची प्रखरता बहुधा २५० ते ३०० निट असते. ते एचडीआरचा संदेश स्वीकारतात, पण तो दाखवायला लागणारी ताकद त्यांच्यात नसते. एचडीआरचा खरा अनुभव साधारण ६०० निटांच्या पुढे मिळू लागतो. प्रखरतेचा आकडा तपशिलात दिलेलाच नसेल, तर एचडीआरच्या शिक्क्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

हर्ट्झचंही तसंच. पडदा एका सेकंदात किती वेळा नवं चित्र दाखवतो, त्याचा हा आकडा. भारतातलं टीव्ही प्रक्षेपण ५० चं आणि सिनेमा २४ चित्रांचा, त्यामुळे ६० हर्ट्झचा पडदा बहुतेकांना पुरतो. गेम खेळणाऱ्यांना आणि वेगवान खेळ बारकाईने बघणाऱ्यांना १२० हर्ट्झचा उपयोग होतो. ‘मोशन रेट’ वगैरे नावांनी छापलेले मोठे आकडे पडद्याचा खरा वेग सांगत नाहीत. पडद्याचा मूळ रिफ्रेश रेट किती, एवढंच विचारावं.

दुकानात आणि ऑनलाइन

दुकानातले टीव्ही झगझगीत दिव्यांत, ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डेमो’ मोडवर, खास चित्रित केलेल्या फुलापाखरांवर चालू असतात. त्यावरून काहीही ठरवू नये. विक्रेत्याला ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ मोड लावायला सांगावं आणि शक्य असेल तर एखादी साधी वाहिनी लावून बघावी. माणसांचे चेहरे नैसर्गिक दिसतात का, क्रिकेटमध्ये चेंडूमागे शेपूट दिसते का, काळ्या प्रसंगात कडा उजळलेल्या दिसतात का, हे तीन प्रश्न पुरतात.

मागच्या बाजूला तीन एचडीएमआय पोर्ट असावेत आणि त्यातल्या एकावर ‘ईआर्क’ किंवा निदान ‘आर्क’ लिहिलेलं असावं, कारण साउंडबार तिथेच जोडला जातो. लॅनचं पोर्ट असावं. स्मार्ट टीव्हीत किमान २ जीबी रॅम असावी, १ जीबीचा टीव्ही वर्षभरात कुरकुरायला लागतो. फार स्वस्त टीव्हींत अँड्रॉइडची उघडी आवृत्ती असते, तिला अधिकृत ॲप स्टोअर नसतं आणि मोठ्या ओटीटी सेवांची मान्यताही नसते. अशा टीव्हीवर ॲप चाललं तरी चित्र कमी दर्जाचं येऊ शकतं. गूगल टीव्ही, टायझन, वेबओएस अशी अधिकृत प्रणाली आहे का, हे विचारून घ्यावं. पडदा उत्तम आणि स्मार्टपणा म्हातारा झालेला असेल, तर टीव्ही बदलण्याऐवजी काही हजारांची स्ट्रीमिंग स्टिक लावून तो आणखी कैक वर्षं वापरता येतो.

मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घेतल्याशिवाय किमतींची तुलना करू नये. एकाच नावाच्या मालिकेत आकारागणिक पडद्याचा प्रकार बदलतो आणि काही मॉडेलं फक्त ऑनलाइन विक्रीसाठी काढलेली असतात. नवी मॉडेलं आल्यावर मागच्या वर्षीचं चांगल्या श्रेणीचं मॉडेल उतरलेल्या दरात मिळतं. नव्या पण खालच्या श्रेणीच्या मॉडेलपेक्षा ते बहुतेक वेळा सरस असतं. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांत व्याजाइतकी सूट दिलेली असते, पण क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांतल्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी आपल्यालाच भरावी लागते. रोखीचा भाव आणि हप्त्यांची एकूण बेरीज शेजारी लिहून बघावी.

टीव्हीवर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक असणं बंधनकारक आहे. ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो तपासता येतो. बीईईच्या वीजबचतीच्या लेबलवरचे तारे मोजण्याबरोबरच त्यावर लिहिलेले वर्षाचे युनिटही वाचावेत, कारण तारे त्या आकाराच्या टीव्हींमधली तुलना सांगतात, बिल मात्र युनिटचं येतं. १०० वॉटचा टीव्ही रोज सहा तास चालला तर महिन्याला १८ युनिट होतात.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न सेवेचा. आपल्या तालुक्याच्या गावी त्या कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र आहे का? तंत्रज्ञ घरी येतो की टीव्ही जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावा लागतो? टीव्हीतला सर्वांत महाग भाग म्हणजे पडदा. वॉरंटी संपल्यावर तो गेला तर बदलण्याचा खर्च पुष्कळदा नव्या टीव्हीच्या जवळ जातो. म्हणून पडद्याची वॉरंटी किती वर्षांची आहे, ते लेखी घ्यावं. धक्का लागून फुटलेला पडदा कोणत्याही साध्या वॉरंटीत बसत नाही.

घरी आणल्यावर

खोकं उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करावं आणि टीव्ही भिंतीवर चढवण्यापूर्वी चालू करून बघावा. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा लावला की मेलेले ठिपके, डाग आणि तडे दिसतात. ऑनलाइन मागवताना उघडून दाखवून देण्याची सोय असेल तर ती घ्यावीच. खोकं आणि थर्माकोल निदान बदलून मिळण्याची मुदत संपेपर्यंत जपून ठेवावं.

भिंत कसली आहे, हे बसवणाऱ्याला आधी सांगावं. नव्या इमारतींतल्या सिपोरेक्सच्या भिंतींना वेगळे अँकर लागतात, कोकणातल्या चिऱ्याच्या भिंतीत साधा प्लग सैल पडू शकतो, आणि प्लायच्या पार्टिशनवर मोठा टीव्ही टांगूच नये. लहान मुलं असलेल्या घरात टेबलावर ठेवलेला टीव्ही पट्ट्याने भिंतीला बांधावा. पातळ, रुंद टीव्ही एका ओढीने पुढे येतो आणि असे अपघात जीवघेणे ठरतात.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं सेटिंगला द्यावीत. चित्राचा मोड ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ करावा. सुरुवातीला रंग पिवळसर वाटतात, दोन दिवसांत डोळ्यांना सवय होते आणि मग जुना निळसर पांढरा रंग खटकू लागतो. ‘शार्पनेस’ शून्याच्या जवळ आणावा, कारण तो तपशील वाढवत नाही, कडांभोवती कृत्रिम रेघा काढतो. चित्राचा आकार १६:९ आणि ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ ठेवावा, म्हणजे कडा कापल्या जात नाहीत. जुने कृष्णधवल मराठी चित्रपट ४:३ आकाराचे असतात. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात, चित्र ताणून नटांना जाड करू नये.

‘मोशन स्मूदिंग’ ही सोय दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये टीव्हीने बनवलेलं खोटं चित्र घालते. क्रिकेटला ती चालते. सिनेमाला ती मालिकेची कळा आणते. २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॅरी यांनी प्रेक्षकांना ती बंद करण्याचं आवाहन केलं होतं आणि २०१९ मध्ये टीव्ही कंपन्यांनी ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला, ज्यात ती आपोआप बंद होते.

आवाजाचा प्रश्न ज्येष्ठांच्या घरात चित्रापेक्षा मोठा असतो. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड केलेले असतात, म्हणून संवाद पुसट येतात. आधी टीव्हीतला ‘क्लिअर व्हॉइस’सारखा मोड लावावा आणि ओटीटी ॲपमधला आवाज ५.१ सराउंडवरून स्टिरिओ करावा. त्याने पुरेसा फरक पडला नाही, तर ईआर्क पोर्टाला छोटा साउंडबार जोडावा. टीव्हीच्या सेटिंगमधलं ‘सीईसी’ चालू केलं की टीव्ही, बॉक्स आणि साउंडबार बऱ्याचदा एकाच रिमोटने चालतात. आजी-आजोबांसाठी ही सोय ४केच्या ठिपक्यांपेक्षा मोलाची आहे.

स्मार्ट टीव्ही आपण काय बघतो याची नोंद ठेवू शकतो. परवानगी न घेता अशी माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात अमेरिकेत २०१७ साली व्हिझिओ कंपनीला २२ लाख डॉलर भरावे लागले होते. सुरुवातीच्या सेटअपमध्ये सगळ्या अटींवर डोळे झाकून ‘होय’ दाबू नये. ‘व्ह्यूइंग डेटा’ किंवा ‘इंटरेस्ट बेस्ड ॲड्स’ अशा नावांच्या सोयी प्रायव्हसीच्या यादीत बंद करता येतात. त्या बंद केल्याने चित्रात काही कमी होत नाही.

पाऊस, वीज आणि निगा

महाराष्ट्र आणि गोव्यात टीव्हीचा मोठा शत्रू पावसाळा. ढग गडगडायला लागले की विजेचा प्लग काढावाच, त्याबरोबर डिशची किंवा केबलची वायर आणि लॅनची वायरही काढावी. वीज छतावरच्या डिशच्या वायरीतूनही येते आणि त्या वाटेने एचडीएमआय पोर्ट व मदरबोर्ड जळतो. चांगलं अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्ड पुरेसं काम करत नाही, म्हणून आधी अर्थिंग तपासून घ्यावं. आजचे बहुतेक टीव्ही व्होल्टेजचा मोठा पल्ला सहन करतात, तो मागच्या पट्टीवर छापलेला असतो. तुमच्या गावचा दाब त्या पल्ल्याबाहेर जात असेल तरच स्टॅबिलायझर घ्यावा.

मुसळधार पावसात डीटीएचचं चित्र जातं, कारण त्या तरंगलांबीच्या लहरी पावसाच्या थेंबांत विरतात. रोजच्या रिमझिम पावसातही जात असेल तर डिशची दिशा सरकलेली असते, टीव्हीचा दोष नसतो. किनारपट्टीच्या दमट हवेत टीव्ही भिंतीला अगदी चिकटवू नये, मागे हवा खेळू द्यावी, आणि बंद घरात महिनोन् महिने न चालवता ठेवू नये. पडदा कोरड्या मायक्रोफायबर फडक्याने पुसावा. काच पुसायचा स्प्रे पडद्यावरचा थर खराब करतो.

तक्रार असेल तर कंपनीच्या केंद्रावर नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. वकील असलाच पाहिजे असंही नाही. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात. जुना टीव्ही भंगारवाल्याला देण्याऐवजी एक्स्चेंजमध्ये किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. तो परत घेऊन त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे.

पैसे कुठे घालावेत

या सगळ्याचा हिशेब घराघराप्रमाणे बदलतो. केबलवर मालिका आणि बातम्या बघणाऱ्या ज्येष्ठ जोडप्याने ४३ इंची आयपीएस टीव्ही घ्यावा आणि उरलेल्या पैशात एचडी बॉक्स व साउंडबार आणावा. ओटीटीवर सिनेमा बघणाऱ्या तरुण कुटुंबाने आकारापेक्षा पडद्याच्या प्रखरतेवर खर्च करावा. क्रिकेटवेड्या घराने ५५ इंची पडद्याबरोबर क्रीडावाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या घ्याव्यात. फ्री डिशवरच्या घराने आकाराचा मोह टाळून जवळच्या सेवा केंद्राला प्राधान्य द्यावं.

पण खरेदीच्या आधी प्रत्येकाने एक काम करावं. सध्याच्या टीव्हीवर एचडीएमआय वायर लावावी, बॉक्सचं आउटपुट बदलावं, चित्राचा मोड ‘सिनेमा’ करावा, वायफाय जवळ आणावं आणि आठवडाभर बघावं. यानंतरही चित्र अपुरं वाटलं, तर नवा टीव्ही घेण्याचं कारण खरं आहे आणि त्यात नेमकं काय हवं आहे तेही तोवर कळलेलं असतं. समाधान झालं, तर चाळीस-पन्नास हजार रुपये वाचले आणि एक चालता टीव्ही कचऱ्यात जाण्यापासूनही वाचला. ग्राहक म्हणून आपली ताकद या एका आठवड्यात आहे. सेलची मुदत आज रात्री संपणार असली तरी तो आठवडा सोडू नये.